लांडगा कोण, आणि म्हणणारा कोण? विसाव्या शतकाच्या मध्यातील इंग्रजी बातम्यांतला ‘वुल्फ’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांवर काम करणारे अनुवादक, वृत्तपत्रविद्येचे विद्यार्थी आणि भाषेचे अभ्यासक यांच्याकडून वर्षानुवर्षे येत राहिलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एका साध्या शब्दासाठी एवढी चर्चा कशाला? ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा, एवढे पुरेसे नाही का?

साधारण १९४० ते १९६१ या काळातील अमेरिकी आणि ब्रिटिश बातम्या वाचायच्या असतील, तर ते पुरेसे नाही. त्या बातम्यांतला ‘वुल्फ’ कधी समुद्राखालची पाणबुडी असतो, कधी बायकांच्या मागे लागणारा पुरुष, कधी भूक, कधी फुटबॉलचा संघ, तर कधी एखाद्या सभ्य गृहस्थाचे पाळण्यातले नाव. प्राण्याचे नाव माणसाला लावले की त्या माणसाविषयीचे मत बातमीतच मिसळते, आणि वाचकाला आपण मत वाचतो आहोत याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे दर वेळी दोन प्रश्न विचारावेत, असा माझा आग्रह आहे : येथे लांडगा कोणाला म्हटले आहे, आणि म्हणणारा कोण आहे?

२. मग त्या काळच्या बातम्यांत खराखुरा लांडगा येतच नाही का?

येतो, पण फार थोडा. ब्रिटनमधून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला होता. अमेरिकेत सरकारी बक्षिसे, सापळे आणि विषप्रयोग यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, अलास्का वगळता, तो मुख्यतः मिनेसोटाच्या उत्तर भागातच उरला होता. सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल बेटावर तो १९४९ च्या सुमारास गोठलेल्या बर्फावरून चालत पोहोचला, आणि १९५८ मध्ये तेथे त्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. म्हणजे रानात लांडगा उरला नव्हता आणि छापील कागदावर मात्र त्याची ये-जा चालूच होती. आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवर धनगरांचे वाडे पडतात तेथे लांडगा आजही खरा आहे, कोकरू उचलून नेणारा आहे. मराठी वाचकाच्या मनात म्हणूनच आधी प्राणी उभा राहतो आणि मग उपमा; त्या काळच्या न्यूयॉर्कच्या वाचकाच्या बाबतीत हा क्रम उलटा होता.

३. ‘ही इज अ वुल्फ’ असे हलक्याफुलक्या बातमीत वाचले. हा दूषणाचा शब्द आहे की कौतुकाचा?

दोन्ही, आणि खरी अडचण हीच आहे. बायकांच्या मागे लागणारा पुरुष या अर्थाने हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या बोलीतून सर्वत्र पसरला. लष्करी छावण्यांच्या वृत्तपत्रांत तर लांडग्याचे डोके असलेल्या सैनिकाची चित्रमालिकाच छापली जात असे. अंगावर गणवेश, वर लांडग्याचे तोंड आणि नजर रस्त्याने जाणाऱ्या मुलीवर. वाचकाने हसावे अशीच त्या चित्रांची मांडणी होती. त्यामुळे शब्दात तक्रारीचा अंश असला, तरी बोलणारा बहुधा त्या पुरुषाकडे खोडकर मुलाकडे पाहावे तसे पाहतो. मराठीत संदर्भाप्रमाणे ‘रंगेल’, ‘बाईलवेडा’ किंवा ‘लंपट’ यांतून निवड करावी लागते. ‘लंपट’ लिहिले की दूषण ठळक होते आणि ‘रंगेल’ लिहिले की सूट मिळते. मूळ बातमीदाराने सूट दिली असेल, तर अनुवादात ती सूट दिसली पाहिजे. आपल्याला पटत नाही म्हणून ती पुसून टाकू नये.

४. ‘वुल्फ-व्हिसल’ म्हणजे नेमके काय, आणि १९५५ च्या बातम्यांत ते इतक्या वेळा का आढळते?

ही दोन सुरांची शिटी असते. पहिला सूर झटकन वर चढतो आणि तुटतो. दुसरा वर चढून लांबत खाली उतरतो. रस्त्याने जाणाऱ्या बाईला उद्देशून ती मारली जाते. मराठीत हिला ‘शीळ’ म्हणू नये. शीळ रानात पाखरू घालते, कामात रमलेला माणूस घालतो. येथे ‘शिटी मारणे’ हाच शब्द योग्य आहे, कारण त्यात छेड काढण्याचा भाव आधीपासूनच आहे.

१९५५ मध्ये हा शब्द एका खुनाशी जोडला गेला. शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपी राज्यातील मनी या छोट्या गावी नातेवाइकांकडे आला होता. तेथील किराणा दुकानात गोऱ्या दुकानदारणीशी तो गैर वागला आणि तिला पाहून त्याने शिटी मारली, असा आरोप झाला. २८ ऑगस्टच्या पहाटे त्याला घरातून उचलून नेण्यात आले. तीन दिवसांनी त्याचे प्रेत टॅलाहॅची नदीत सापडले. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला, आणि त्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने छापले. सप्टेंबरमध्ये सम्नर येथे खटला चालला. ज्यूरीतले सर्व जण गोरे पुरुष होते. त्यांनी ६७ मिनिटांत दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये त्याच दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ या पाक्षिकाला खुनाची कबुली दिली.

वृत्तपत्रांनी या प्रकरणाला ‘वुल्फ-व्हिसल केस’, ‘वुल्फ-व्हिसल मर्डर’ असे नाव दिले. हे नाव नीट न्याहाळून पाहावे. मारणारे दोन प्रौढ पुरुष होते, मरणारा एक मुलगा. आणि मथळ्यातला ‘लांडगा’ हा शब्द चिकटला तो मुलाला. खुनाची ओळख खुनाने नव्हे, तर त्याच्या कथित कारणाने ठरली. ज्या शिटीवर छावणीतले वृत्तपत्र हसत होते (प्रश्न ३), तीच शिटी येथे अपराध म्हणून पुढे आली, कारण शिटी मारणाऱ्याच्या कातडीचा रंग वेगळा होता. टिलच्या आईने पुढे सांगितले की तो तोतरा होता आणि शब्द अडखळला की शिटी वाजवून तो सोडवून घ्यायला तिनेच त्याला शिकवले होते. ही माहिती मथळ्यात मावणारी नव्हती.

अनुवाद करताना ‘शिटी-खून प्रकरण’ असा शब्दप्रयोग करू नये. ‘एमेट टिल खून खटला’ असे लिहावे, आणि मूळ बातमीत ‘वुल्फ-व्हिसल’ हा शब्द आहे हे वाक्यात वेगळे सांगावे, म्हणजे तो शब्द वृत्तपत्राचा आहे, आपला नाही, हे स्पष्ट राहील.

५. युद्धाच्या बातम्यांतला ‘वुल्फ पॅक’ कुठून आला?

अटलांटिकच्या लढाईतून. जर्मन नौदलाचे कार्ल ड्योनिट्झ यांनी पाणबुड्या एकएकट्या न पाठवता त्यांची रांग समुद्रावर पसरायची, शत्रूच्या मालवाहू जहाजांचा ताफा दिसताच रेडिओवरून इतरांना बोलवायचे आणि रात्री सर्वांनी मिळून तुटून पडायचे, अशी पद्धत बसवली. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ या ताफ्यातील ३५ पैकी २० जहाजे बुडाली, आणि लगोलग एचएक्स-७९ मधील १२. या पद्धतीला जर्मनमध्ये ‘रुडेल’ म्हणत. हा शब्द लांडग्यांच्या टोळीला लागतो, तसाच हरणांच्या कळपालाही लागतो. इंग्रजीने त्यातला लांडगा उचलला.

पुढची गोष्ट मला अधिक बोधक वाटते. १९४३ पासून पॅसिफिकमध्ये अमेरिकी पाणबुड्याही जपानी जहाजांवर गटाने हल्ले करू लागल्या, आणि त्या गटांनाही ‘वुल्फ पॅक’च म्हणू लागले. शत्रूच्या बाबतीत ज्या शब्दात भ्याडपणा आणि क्रौर्य होते, त्याच शब्दात स्वतःच्या बाबतीत धाडस आणि एकजूट आली. म्हणून नुसता शब्द पाहून लेखकाचा कल ठरवता येत नाही. पाणबुडीवर कोणता झेंडा आहे हे आधी पाहावे लागते.

मराठीत ‘लांडग्यांची टोळी’ चालते, पण क्रियापद शोधायचे असेल तर आपल्याकडे फार नेमका शब्द आहे : लांडगेतोड. अनेकांनी मिळून एकाचे लचके तोडणे हा अर्थ त्यात पुरा उतरतो, आणि ताफ्यावरील रात्रीच्या हल्ल्याचे वर्णन करताना तो जराही ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

६. युद्ध संपल्यावर हाच शब्द पोरांच्या टोळ्यांना कसा लागला?

१९५० च्या दशकात अमेरिकी शहरांतील किशोरवयीन टोळ्यांविषयी वृत्तपत्रांत मोठी खळबळ होती, आणि युद्धातून घरोघरी पोहोचलेला शब्द आयताच हाताशी होता. धोका एवढाच की पाणबुडीला लांडगा म्हटल्याने तिचे काही बिघडत नाही. मुलांना म्हटल्याने बिघडते. याचा पुरावा या काळाच्या पुढचा आहे, पण तो येथे द्यायलाच हवा. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील बलात्कार प्रकरणात पकडलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना वृत्तपत्रांनी सर्रास ‘वुल्फ पॅक’ म्हटले. शिक्षा झालेल्या पाच जणांची दोषसिद्धी २००२ मध्ये रद्द झाली. पोरांच्या टोळीसाठी मराठीत ‘टोळके’ हा शब्द पुरेसा आहे. बातमीत लांडगा असेल तर तो अवतरणात ठेवावा, आपल्या निवेदनात आणू नये.

७. ‘लोन वुल्फ’ म्हणजे एकट्याने घातपात करणारा, हा अर्थ १९५० च्या बातमीला लावता येईल का?

नाही. तो अर्थ १९९० च्या दशकात रुजला. त्याआधी ‘लोन वुल्फ’ हे बहुधा कौतुकाचे, निदान कुतूहलाचे विशेषण होते : कोणाच्या गटात न बसणारा, आपल्या हिमतीवर काम करणारा माणूस. टेक्सास रेंजर्स या राज्य पोलीस दलाचे कॅप्टन मॅन्युएल गोन्झाउलास यांचे टोपणनावच ‘लोन वुल्फ’ होते. १९४६ मध्ये टेक्सारकाना येथील रहस्यमय खुनांचा तपास करायला ते गेले, तेव्हा बातम्यांत हे नाव अभिमानाने छापले गेले. म्हणजे येथे लांडगा गुन्हेगार नाही. तो पोलीस आहे.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका अनुवादात ‘एकटा लांडगा’ असे शब्दशः आले होते. वाचताना जाहीर सभेत कोणी कोणाला शिवी दिल्यासारखे वाटत होते. मराठीत यासाठी शतकांचा वापर अंगावर असलेला शब्द आहे : ‘एकांडा शिलेदार’. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणि शस्त्र घेऊन येणारा स्वार. तो एकांडा असला की कोणाच्या पथकात मोडत नाही. १९४० ते १९६० मधील ‘लोन वुल्फ’ला तो चपखल बसतो. आजच्या अर्थाला मात्र तो चुकूनही लावू नये.

नावाचा एक अपवाद ध्यानात ठेवावा. कायोवा जमातीच्या एका प्रमुखाचे नाव लोन वुल्फ होते आणि त्याच्या नावाचा १९०३ चा सर्वोच्च न्यायालयातील निकाल मूळ रहिवाशांच्या जमिनीविषयीच्या बातम्यांत पुढेही येत राहतो. तेथे अनुवादाचा प्रश्नच नाही. ‘लोन वुल्फ’ असेच लिहावे.

८. ‘क्राय वुल्फ’साठी ‘लांडगा आला रे आला’ लिहिले तर चालेल का? आणि इतर वाक्प्रचारांचे काय?

चालेल, आणि चांगले दिसेल. गोष्ट तीच आहे, धनगराच्या पोराची. फरक एवढाच की इंग्रजीत ते क्रियापद आहे आणि मराठीत ती प्रत्यक्ष आरोळी आहे, त्यामुळे वाक्य थोडे फिरवावे लागते. ‘सेनापती पुन्हा क्राय वुल्फ करीत आहेत’ यापेक्षा ‘सेनापतींनी पुन्हा लांडगा आला रे आला अशी आरोळी ठोकली आहे’ हे वाक्य मराठी कानाला लगेच पटते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. शीतयुद्धाच्या काळात इशारा देणाऱ्याची टर उडवण्यासाठी अग्रलेखांत हा वाक्प्रचार सोयीचा होता; आणि गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे लिहिणारा सोयीने विसरतो.

दाराशी आलेला लांडगा म्हणजे उपासमार. तो दूर ठेवणे म्हणजे आपल्याकडे घरची चूल पेटती ठेवणे. ‘वुल्फ डाउन’ म्हणजे बकाबका खाणे. एखाद्याला लांडग्यांपुढे टाकणे म्हणजे त्याला बळीचा बकरा करणे किंवा, बातमीचा सूर सौम्य असेल तर, वाऱ्यावर सोडणे. मेंढीच्या कातड्यातला लांडगा मराठीत जसाच्या तसा समजतो.

९. जर्मनीच्या बातम्यांत हा शब्द विशेष दिसतो. त्यामागे काही कारण आहे का?

आहे. हिटलर स्वतःसाठी ‘वोल्फ’ हे टोपणनाव वापरीत असे आणि पूर्व प्रशियातील त्याच्या मुख्यालयाचे नाव ‘वोल्फ्सशान्झे’ होते. त्याला मारण्यासाठी घडवलेला २० जुलै १९४४ चा बॉम्बस्फोट तेथेच झाला. युद्धाच्या अखेरीस ‘वेरवोल्फ’ नावाची गनिमी संघटना उभारण्यात आली, मार्च १९४५ मध्ये दोस्तांनी नेमलेल्या आखेनच्या महापौराची हत्या झाली, आणि १ एप्रिलपासून त्याच नावाचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. लक्षात घेण्याची बाब अशी की येथे लांडगा हे नाव शत्रूने दिलेले नाही. ते स्वतःहून मिरवलेले आहे.

१०. भारतातून जाणाऱ्या बातम्यांत ‘वुल्फ बॉय’ फार आढळतो. त्या बातम्या खऱ्या होत्या का?

मूल खरे होते. लांडगा सिद्ध झाला नाही. १९५४ च्या सुरुवातीला लखनौच्या रेल्वे स्थानकात सापडलेला एक मुलगा बलरामपूर रुग्णालयात ठेवण्यात आला. त्याचे नाव रामू ठेवले गेले आणि ‘लांडग्यांनी वाढवलेला मुलगा’ म्हणून त्याची बातमी जगभर गेली. त्याला चालता-बोलता येत नव्हते, कच्च्या मांसाकडे तो ओढला जाई, अशी वर्णने आली. लांडग्यांनी वाढवल्याचा पुरावा मात्र पुढे आला नाही, आणि हे जन्मतः अपंग असलेले, कोणीतरी टाकून दिलेले मूल असावे, असे मत त्या वेळीही मांडले गेले. तो १९६८ मध्ये रुग्णालयातच वारला.

या बातमीला तयार साचा मिळाला तो मिदनापूरच्या अमला आणि कमला यांच्या कथेतून. अनाथाश्रम चालवणाऱ्या एका पाद्र्याने १९२० मध्ये त्या दोन मुली लांडग्यांच्या बिळातून काढल्याचे सांगितले होते. पुढील संशोधनाने त्या हकिगतीच्या खरेपणावर मोठे प्रश्नचिन्ह उभे केले. भारत म्हणजे जंगल ही समजूत परदेशी वाचकाच्या मनात पक्की असल्यामुळे ‘वुल्फ बॉय’ हे दोन शब्द पुरेसे ठरत. चौदा वर्षे खाटेवर पडून राहिलेल्या मुलाची शुश्रूषा कोणी केली, त्याला काय कळत होते, हे त्या दोन शब्दांमागे झाकले गेले. असे लेखन मराठीत आणताना ‘लांडग्यांनी वाढवल्याचा दावा केला गेलेला मुलगा’ असे लांबट लिहावे लागले तरी लिहावे.

११. ब्रिटिश क्रीडापानांवर ‘वुल्व्ज’ सतत जिंकताना दिसतात. हे कोण?

वोल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा फुटबॉल संघ. १९५३-५४, १९५७-५८ आणि १९५८-५९ अशी तीन वेळा त्याने इंग्लिश लीग जिंकली, आणि १३ डिसेंबर १९५४ रोजी प्रकाशझोतात हंगेरीच्या होनवेदला ३-२ असे हरवले. येथे अनुवाद करू नये. ‘वुल्व्ज’ हेच नाव आहे.

१२. मथळ्यात सगळी अक्षरे मोठी असतील, तर तो लांडगा आहे की आडनाव, हे कसे ओळखायचे?

मथळ्यावरून ओळखता येत नाही. खालची बातमी वाचावी लागते. त्या काळी वृत्तसंस्थांच्या टेलिप्रिंटरवर मजकूर केवळ मोठ्या अक्षरांतच येत असे. लहान-मोठी अक्षरे पाठवणारी यंत्रणा अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पसरू लागली. तोवर नाव आणि नाम यांतला भेद उपसंपादकाच्या पेन्सिलीवर अवलंबून होता.

नावाचे सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणजे वुल्फ लाडेजिन्स्की. युक्रेनमध्ये जन्मलेले हे कृषितज्ज्ञ युद्धोत्तर जपानमधील जमीनसुधारणेचे एक प्रमुख शिल्पकार होते. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकी कृषिमंत्री एझ्रा टाफ्ट बेन्सन यांच्या खात्याने त्यांना सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरवून काढून टाकले, त्यावर मोठे वादळ उठले आणि काही आठवड्यांतच सरकारच्या दुसऱ्या खात्याने त्यांना व्हिएतनामच्या कामावर घेतले. त्यामुळे १९५४-५५ च्या राजकीय बातम्यांत ‘वुल्फ’ अचानक वाढलेला दिसला, तर घाईने निष्कर्ष काढू नये. त्यातही बातमीत पूर्ण नाव पहिल्या उल्लेखातच येते आणि पुढे आडनावच चालते, म्हणून दीर्घ बातमीतही हा ‘वुल्फ’ एकदाच मोजला जातो. मराठी वाचकाने हे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे : लाडेजिन्स्की पुढे भारतात राहिले, आणि १९७३ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील भीषण दुष्काळावर स्वतः फिरून लिहिले.

१३. संगणकीय संग्रहात शोध घेतला की भलतेच निकाल येतात. काय चुकते?

बहुतेक वेळा शोधाची कक्षा चुकते. ‘वुल्फ’ने सुरू होणारे सर्व शब्द मागितले, तर समलैंगिकतेविषयीचा १९५७ चा वुल्फेंडन अहवाल, उद्योगपती लुई वुल्फसन, फोक्सवॅगनचे वोल्फ्सबुर्ग आणि युद्धकाळात स्पेन-पोर्तुगालमधून मिळणारे वोल्फ्रॅम हे खनिज, असे सगळे एकत्र येते. उलट, नेमका शब्द मागितला, तरी अरुंद स्तंभात ओळीच्या शेवटी तुटलेले ‘वुल्फ-गँग’ किंवा ‘वुल्फ-सन’ आत शिरते. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी यंत्रणा फिकट छपाईत ‘गोल्फ’ किंवा ‘गल्फ’चा ‘वुल्फ’ करू शकते, हेही ध्यानात असावे. प्रत्येक निकालाची मूळ प्रतिमा उघडून पाहण्याला पर्याय नाही.

१४. ब्राउन कॉर्पसमध्ये हा शब्द अगदी थोडा आहे. मग त्याला महत्त्व नव्हते असे म्हणावे का?

नाही. ब्राउन विद्यापीठातील फ्रान्सिस आणि कुचेरा यांनी १९६१ मध्ये छापलेल्या अमेरिकी मजकुरातून सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने घेऊन हा दहा लाख शब्दांचा संग्रह केला. त्यात वृत्तपत्रीय बातम्यांचे नमुने ४४, अग्रलेखादी मजकुराचे २७ आणि समीक्षणांचे १७. म्हणजे एकूण पावणेदोन लाख शब्दांच्या आसपास. ‘वुल्फ’सारखा विरळ शब्द एवढ्या मजकुरात किती वेळा पडतो, हे त्या वर्षी एखादा वुल्फ आडनावाचा माणूस बातमीत होता की नाही, यावरही अवलंबून असते. असा संग्रह ‘आहे’, ‘होता’, ‘पण’, ‘म्हणून’ अशा शब्दांच्या अभ्यासाला उत्तम आहे. विरळ शब्दाचे अर्थ तपासायला १९२३ पासूनच्या ‘टाइम’ साप्ताहिकाचा सुमारे दहा कोटी शब्दांचा संग्रह किंवा वृत्तपत्रांची पूर्ण दफ्तरे अधिक कामाची आहेत.

ब्राउनच्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ तयार झाला. दोन्हींतील ‘वुल्फ’ची तुलना करावी का, असे काही विद्यार्थी विचारतात. जरूर करावी, पण कोल्हापूरचा मजकूर १९७८ चा आहे आणि ब्राउनचा १९६१ चा. जो फरक दिसेल त्यात देशाचा वाटा किती आणि मधल्या सतरा वर्षांचा किती, हे केवळ आकड्यांवरून सांगता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक उदाहरणाची ओळ पूर्ण वाचावी, लांडगा कोणाला म्हटले आहे ते समोर लिहावे आणि मगच बेरीज करावी.